भिववील त्याचा वाडा

डहाणूत भुताचा पत्ता शोधणाऱ्याला थोडंफार गुजराती यायला हवं. कारण हा पत्ता एका जागी ठरत नाही, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकत जातो. डहाणू गावात एखाद्या काकांना विचारावं, ‘काका, इथे भुताटकीची जागा आहे म्हणतात, ती कुठली हो?’ तर काका दुखावतात. ‘इथे? आमच्याकडे असलं काही नाही. नरपडला सुरूच्या बनात विचारा.’ नरपडवाले चिखल्याकडे बोट दाखवतात, चिखलेवाले घोलवडकडे, घोलवडवाले बोर्डीकडे, बोर्डीची माणसं झाईकडे, आणि झाईत उत्तर येतं, ‘छे हो दादा, ते उंबरगावला!’ म्हणजे राज्यच बदललं. उंबरगावचा पानवाला चुना लावता लावता गुजरातीत समजावतो की भूतबीत जे काय आहे ते सगळं महाराष्ट्रात. देशात सीमावाद पुष्कळ झाले, पण शेजारी राज्याने एखादी गोष्ट ‘तुम्हीच ठेवा’ म्हणून इतक्या मोठ्या मनाने देऊ केल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही. तलासरीच्या बाजूने शोध घेतला तरी गत हीच, फक्त तिकडे भूत समुद्रकिनाऱ्याने न सरकता महामार्गाने सरकतं.

या टोलवाटोलवीतून हाती काही लागत नाही असं वाटेल, पण पुरावा असाच जमतो. प्रत्येक गावाने आपल्या रोजच्या पायाखालच्या जागा भुतातून वगळल्या आणि जिथे आपलं काही काम नाही अशी जागा भुताला बहाल केली. माझं म्हणणं एवढंच आहे की भूत हे इतिहासाचं अपत्य नव्हे, गैरहजेरीचं आहे. खून, लढाई, विहिरीत घेतलेली उडी, राहून गेलेली वासना ही झाली भुताची शैक्षणिक पात्रता. नेमणूक मात्र जागा रिकामी असेल तरच होते. मालक मुंबईला, जमीन इथे आणि प्रत्यक्षात तिथे राबणारा तिसराच, हा प्रकार या भागाने इतका पाहिला आहे की हा मुद्दा इथल्या माणसाला फोड करून सांगायला नको. कुळकायदा आला तो ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत. भुतांनी आपल्यापुरता वेगळा कायदा करून घेतला, ‘भिववील त्याचा वाडा’. कुळांना तलाठ्याकडे खेटे घालून चपला झिजवाव्या लागल्या. भुतांचं मात्र तोंडी नोंदीवर भागलं, आणि पाय उलटे असल्यामुळे चपलांचाही प्रश्न आला नाही.

पहिला पुरावा म्हणून डहाणूचा किल्ला घ्या. खाडीकाठचा हा पोर्तुगीज अमलातला किल्ला पाहिला तर वाटतं, भुताने नकाशा देऊनच बांधून घेतला असावा. परकी राज्य, जाड तट, खारं वारं, आणि 1739च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला ताबा. त्याच धामधुमीत शेजारच्या तारापूरच्या किल्ल्यापुढे बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. एवढ्या भांडवलावर हिंदी सिनेमावाले तीन भाग काढतील आणि चौथ्याची धमकी देतील. तरीही डहाणूच्या किल्ल्यातलं भूत काही गाजलं नाही. का? तर या तटाच्या आत पुढे तहसील कचेरी थाटली गेली. एखादा पोर्तुगीज शिपाई अमावास्येला उठून आला असताच, तर संवाद साधारण असा झाला असता. ‘काय काम आहे?’ ‘मी 1739 साली इथे मेलो.’ ‘मृत्यूचा दाखला?’ ‘नाही.’ ‘मग वारसनोंद होत नाही. सोमवारी या. साहेब पंचनाम्याला गेलेत.’ सोमवारी सुट्टी, मंगळवारी बैठक, बुधवारी शिक्का सापडत नाही. दोन-तीन अमावास्या अशा गेल्यावर कुठलंही स्वाभिमानी भूत लिस्बनला परत गेलं असतं. अतृप्त आत्मे त्या तटात नव्हते असं नाही. पण ते सगळे दिवसा येत, अर्ज हातात घेऊन रांगेत उभे राहत आणि त्यांचे पाय सरळ असत.

यावर आक्षेप येईल की कचेरी दिवसाची, भूत रात्रीचं, रात्रीचं बोला. बरं, रात्रीचं बोलू. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते. मागे मुसल्या डोंगराचा तो उभा सुळका. गरोदर भक्तिणीला चढवेना म्हणून देवीच खाली उतरून आली, अशी तिथली कथा. या यात्रेत वाघाडी गावचा पुजारी मध्यरात्री ध्वज घेऊन त्या सुळक्यावर चढतो. वेळ मध्यरात्रीची, वाट खड्या चढणीची, भोवती रान. हडळ, चकवा, खवीस यांचं संमेलन भरवायचं झालं तर याहून सोयीची जागा नाही, आणि खाली हजारोंचा प्रेक्षकवर्गही तयार. पण त्या डोंगराचं नाव घेतल्यावर माणूस देवीचंच सांगतो, भुताचं नाही. ज्याच्या हातात ध्वज आहे आणि डोक्यात पोचायची वेळ आहे, त्याला वाटेत कोणी आडवं आलंच तर तो ‘उतरताना बोलू’ म्हणून पुढे जाईल. भुताला सगळ्यात जास्त अपमान वाटत असेल तर तो याच वाक्याचा.

तीच गोष्ट बहरोटच्या गुहांची. संजाण ही आपली वस्ती पडल्यावर पारशांनी आपला इराणशाह हा पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बारडा डोंगरातल्या या गुहांत आणला आणि बारा वर्षं तिथे जपला. पुढे वांसदा, नवसारी अशी वाट काढत 1742 साली तो उदवाड्याला स्थिरावला. बारा वर्षं डोंगराच्या पोटात न विझणारी आग! खालच्या गावांतून अधूनमधून वर उजेड दिसलाच असेल. आज कोणी पोराटोरांनी शनिवारी रात्री वर शेकोटी पेटवली, तर रविवारी सकाळपर्यंत दोन आग्यावेताळ आणि एक व्हिडिओ तयार असतो. त्या बारा वर्षांतून मात्र आग्यावेताळ निघाला नाही. निघाली ती एका समाजाची आठवण, जी 1599 साली ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात बसली, आणि गुहा बघायला अजून पारशी डोंगर चढतात. अग्नी जपायचा म्हणजे लाकूड आणायचं, राख काढायची, पाळ्या लावायच्या, शिवाय खालून कोणी येतंय का ते बघायचं. एवढ्या कामाच्या रगाड्यात भुताला शिरायला फट कुठून मिळणार?

‘आग नसताना धूर निघत नाही,’ हा पुढचा आक्षेप. भांडी आपोआप वाजतात, दारं हलतात, जमिनीतून आवाज येतात, असं चार माणसं सांगतात तेव्हा त्यात काहीतरी असणारच, असं म्हणतात. असणार ना! डहाणू-तलासरीत नेमकं हेच झालं. 2018च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत जमीन हलू लागली ती थांबेचना. फळीवरची भांडी वाजली, भिंतींना तडे गेले, पायाखालून गडगडाट ऐकू आला आणि तोही अवेळी, रात्री-अपरात्री. भुताटकीच्या कादंबरीत पहिल्या प्रकरणात जे जे लागतं ते सगळं या गावांना फुकट मिळालं. पण गाव उठून तांत्रिकाकडे धावला नाही. लोक अंगणात झोपले, सरकारने तंबू ठोकले, शास्त्रज्ञ आले, भूकंपमापक बसले आणि चारच्या वर गेलेले धक्के नोंदले गेले. तंबूत थंडी वाजते, ताडपत्री फाटकी आहे, घराच्या नुकसानभरपाईचं काय झालं, अशा तक्रारी सुरू झाल्या. आता बघा, जिथे घर खरोखर हललं तिथल्या माणसाने भूकंपमापक मागितलं. आणि ज्याचा पंखा फक्त बेअरिंग गेल्यामुळे कुरकुरतो त्या मुंबईकराने बंगल्याची शांत करून घेतली. फरक अकलेचा नाही. धुंदलवाडीच्या माणसाला उद्याही त्याच घरात राहायचं होतं.

इथे अभ्यासू मंडळी चष्मा पुसत पुढे येतील. ‘वारली समाजात तर पावलोपावली अदृश्य शक्ती आहेत, त्याचं काय?’ आहेत, पण त्यांचा आणि आपल्या वीकएंडच्या भुताचा काडीचा संबंध नाही. वाघदेव आहे, हिरवा आहे, नारणदेव आहे, कणसरी आहे. यातल्या प्रत्येकाला ठिकाण आहे, काम आहे, ठरलेला दिवस आहे आणि ठरलेला नैवेद्य आहे. वाघदेव शिवेवर उभा राहून वाघाचं बघतो, कणसरी धान्याचं बघते. कामात हयगय झाली तर भगत त्यांना जाब विचारू शकतो. (भगताच्या तोंडून कोणा बाईला भुताळी ठरवून जो छळ झाला तो मात्र गुन्हा, राज्यात 2013 साली त्याविरुद्ध कायदा झाला. त्यात हसण्यासारखं काही नाही.) मुद्दा असा की रोजगारावर असलेल्या देवाला लोकांच्या मानगुटीवर बसायला सवड नसते. आणि वारली चित्रांकडे तरी नीट बघा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चित्रांत सगळीच माणसं पांढरी! आता त्यात पांढऱ्या साडीतली हडळ आणून उभी केली तर तिला घाबरणार कोण? कोणीतरी तिचा हात धरून तारप्याच्या फेऱ्यात ओढील, आणि ती बिचारी रात्रभर नाचून सकाळी पाय चेपत बसेल.

मग ज्याची सगळे कुजबूज करतात ते भूत आहे तरी कुठे? ते आहे बंद बंगल्यात. या भागात जमीनदारांच्या वाड्यांचा दरारा एके काळी असा होता की माणसं त्यांना भरदिवसा भीत. वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी बांधले गेलेले लग्नगडी, चाबूक, हे काय प्रकरण होतं ते गोदूताई परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वाचायला मिळतं. ज्या वाड्यात मालक स्वतः हजर होता त्याला वेगळ्या भुताची गरजच पडली नाही, तो एकटा पुरेसा होता. 1945च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारली जमले, वेठ बंद म्हणाले, आणि दिवसाची भीती ओसरू लागली. पुढे कायदे आले, वाटण्या झाल्या, मुलं अंधेरीला गेली, नातवंडं न्यूजर्सीला. वाड्याला कुलूप लागलं. त्या कुलपावर गंज चढेपर्यंत कसंबसं थांबून भूत आत शिरलं. त्याची बातमी पहिल्यांदा कोणाकडून कळते? वॉचमनकडून. मालक तीन वर्षांनी उगवतो. ‘शेठ, वरच्या खोलीत रात्रीचं नका जाऊ.’ ‘का रे?’ ‘बाई हाय.’ ‘कोण बाई?’ ‘पांढऱ्या साडीतली.’ ‘तू पाहिलीस?’ ‘मी वर जातच नाय ना, शेठ!’ शेठही जात नाहीत. वरच्या खोलीत वॉचमनच्या मेव्हण्याची बाज, चिकूचे चार क्रेट आणि एक पिणारी चौकडी सुखाने नांदत असतात. एवढ्या पगारात दोन माणसांची राखण करून घ्यायची म्हणजे दुसरा माणूस भूतच परवडतो. जमिनीच्या दलालाला तर अशी बाई साक्षात लक्ष्मी. घ्यायच्या वेळी भाव पाडायला ती उपयोगी, आणि विकायच्या वेळी, ‘अहो, अफवा हो सगळ्या!’

डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि इथे नवा कारखाना काढणं अवघड झालं. धूर नको, सांडपाणी नको, झाड तोडायचं नाही. या सगळ्या अटींत बसणारा एकच उद्योग उरला तो म्हणजे भुताचा. 2013मध्ये मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली आणि कच्चा माल, म्हणजे रिकामटेकडी माणसं, नियमित मिळू लागली. शनिवारी संध्याकाळी येणाऱ्याला किल्ला कोणाचा, गुहा कोणाच्या, वाडीत चिकू कोणी लावले, यात रस नसतो. एवढी चौकशी करायला अर्धा दिवस लागतो. ‘इथे काही हॉन्टेड आहे का?’ हे अर्ध्या मिनिटात विचारून होतं. माहिती जिथे गैरहजर तिथेही भूत बसतं, त्याला भिंतीच लागतात असं नाही. महामार्गावर लिफ्ट मागणाऱ्या बाईची साडी देशभर पांढरीच का? कारण साडीचा रंग, काठ, पदर सांगायचा तर कोणीतरी नीट पाहिलेलं असावं लागतं.

‘पण साक्षीदार आहेत!’ असं कोणी ठासून म्हणेल. मोडक्या घराच्या छपरातून पांढरं तोंड बघत होतं, किंकाळी मारून अंगावरून गेलं, पंखांचा आवाजसुद्धा आला नाही. वर्णन अगदी बरोबर आहे. फक्त ते गव्हाणी घुबडाचं आहे. पांढुरकं बदामी तोंड, काळजात चर्र होईल अशी चिरकी किंकाळी, आवाज न करणारे पंख, आणि पडक्या घरांची आवड. बिचारं रात्रभर उंदीर मारून गावाचं धान्य वाचवतं आणि बदल्यात हडळ म्हणून नाव घेतं. चिकूच्या वाडीत रात्री फांद्या हलतात, खाली अर्धवट खाल्लेली फळं पडतात, ती वटवाघळं. आता घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं असल्यामुळे, खाणारा कोणीही असो, त्याची चव उत्तम आहे हे मान्य करावं लागेल.

यापेक्षा वजनदार आक्षेप पुण्याहून येतो, आणि पुण्याहून येतो म्हणून तो ठाम असतो. ‘तुमची गैरहजेरीची थिअरी शनिवारवाड्याला लावून दाखवा. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773चा. त्यानंतर वाड्यात पेशवे राहत होते, गारदी होते, कारकून होते. तरी पिशाच्च होतंच की नाही?’ मान्य. दुसऱ्या बाजीरावाने नारायणरावाच्या पिशाच्चाच्या धास्तीने पुण्याच्या आसपास आंब्याची झाडं लावली असंही सांगतात. पण हा बाजीराव कोणाचा मुलगा? राघोबादादांचा. म्हणजे हा घरगुती मामला झाला, चुलत्याच्या हिशेबाची वसुली पुतण्याने चुलतभावाकडे लावलेली. शिवाय बाजीरावाने काय केलं? विश्रामबागवाडा बांधला आणि तिकडे मुक्काम हलवला. मालक हलला की कूळ बसलंच. 1828च्या आगीत वाडा जळून आत फक्त जोती उरली, तेव्हा कुठे ‘काका, मला वाचवा’ला मोकळं मैदान मिळालं. आज दिवसा तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, त्यामुळे दिवसा भूत नाही. खातं संध्याकाळी घरी जातं, भूत कामावर येतं.

खरी अडचण दापचरीने केली आहे. मुंबईतले म्हशींचे गोठे हलवून इथे आणायचे या कल्पनेतून दापचरीचा दुग्धप्रकल्प उभा राहिला. जमीन घेतली, कुर्झ्याला धरण बांधलं, गोठे बांधले, वसाहत बांधली. आज त्यातल्या कितीतरी इमारती पडक्या, छपरं खाली, झाडं आतून वर. माझ्या सिद्धांताप्रमाणे इथे भुतांची झुंबड उडायला हवी. तशी ती उडालेली नाही, आणि यावर दोन उत्तरं संभवतात. एक म्हणजे तिथे भूत असलंच तर ते म्हशीचं असणार, आणि म्हशीच्या भुताला घाबरण्याइतकी कल्पनाशक्ती आपल्याकडे नाही; अंधारात ती दिसणारही नाही. दुसरं, आणि मला पटणारं, म्हणजे सरकार हा मालक जागेवर नसला तरी फाइलमध्ये हजर असतो. प्रकल्प बंद पडतो, फाइल बंद पडत नाही. पडक्या गोठ्यावर अजूनही कोणत्या तरी खात्याचा हक्क, दुसऱ्या खात्याची हरकत आणि तिसऱ्याचा प्रस्ताव असतो. एवढ्यांच्या भांडणात ताबा घ्यायचा म्हणजे भुताला वकील करावा लागेल.

शेवटचा आक्षेप नेहमी तोच असतो आणि तो आवाज चढवून घेतला जातो. ‘एवढी खात्री आहे तर रात्री जाऊन झोपा ना तिथे!’ नाही झोपणार. प्रस्तुत लेखक हे सगळं भरदुपारी, पंख्याखाली, दार उघडं ठेवून लिहितो आहे, हे मोकळेपणाने सांगून टाकतो. पडक्या घरात फुरसं असतं, मण्यार असते, कुजकी तुळई असते, आणि बहुधा वॉचमनचा मेव्हणाही असतो. भीती वाटते म्हणून भूत आहे, असं मानायचं तर तहसील कचेरीत मला दुपारी बारालाही घाम फुटतो. भुतांचा कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर मंत्र-तंत्र नकोत आणि अंधश्रद्धेवर व्याख्यानंही नकोत. व्याख्यानाला येतात ते न घाबरणारे. प्रत्येक भुताळ बंगल्याच्या पडवीत एक सेतू केंद्र आणि मागच्या खोलीत रेशन दुकान काढावं. पंधरवड्याच्या आत भूत स्वतःहून जाईल. फार झालं तर हट्टाला पेटून वनहक्काचा दावा टाकील. त्याला तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा देणं जड नाही. तिन्ही पिढ्या ते स्वतःच आहे. पण आधार लागेल. आणि आधारसाठी त्या काचेवर अंगठा ठेवायचा झाला तर तो उमटणार नाही. ‘अंगठा येत नाही, पुढच्या महिन्यात या,’ असं खिडकीतून सांगतील. त्यात भुताने अपमान वाटून घेऊ नये. त्याच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या, चांगल्या जिवंत असलेल्या आजी-आजोबांनाही तेच सांगतात.